आयोवाचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर बदलायला हवा होता का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नव्याने शिकायला आलेली मुलं, त्यांना भेटायला आलेले आईबाबा आणि शनिवारी मित्राच्या घरी टीव्हीसमोर बसून सगळे ओरडले की आपणही ओरडणारी मंडळी, अशा सगळ्यांसाठी हे पान. कॉलेज फुटबॉलमध्ये (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, अंड्याच्या आकाराच्या चेंडूचा) दर हिवाळ्याच्या तोंडावर कुठल्या ना कुठल्या गावात ‘ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला घालवा’ अशी आरोळी उठतेच. बहुतेक वेळा ती रागापोटी असते. आयोवा विद्यापीठात ती उठली तेव्हा मात्र प्रकरण खरोखरच विचार करण्यासारखं होतं. निकाल लागून आता पुरेसे दिवस झाले आहेत, त्यामुळे शांतपणे बोलता येईल.

हा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर नेमकं करतो काय?

चेंडू आपल्याकडे असताना कोणती चाल खेळायची हे तो ठरवतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला द्यायचा, असा हा खेळ. दर प्रयत्नाला वेगळी, आधी घोटून घेतलेली चाल असते आणि ती निवडायला काही सेकंदच मिळतात. एका सामन्यात असे साठ-सत्तर निर्णय होतात. शिवाय आठवडाभर समोरच्या संघाचे व्हिडिओ बघून आराखडा तयार करायचा, क्वार्टरबॅकला (पास फेकणारा, ऑफेन्सचा मुख्य खेळाडू) घडवायचं आणि शाळाशाळांतून नवी मुलं आपल्याकडे ओढायची, हेही त्याच्याच अंगावर असतं. वर हेड कोच असतो. सगळा संघ त्याचा, आणि कोऑर्डिनेटर त्याने नेमलेला.

आयोवात झालं काय, थोडक्यात सांगा.

कर्क फेरेन्ट्झ १९९९ पासून आयोवाचे हेड कोच आहेत. २०१७ साली त्यांनी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून ब्रायन फेरेन्ट्झला नेमलं. हो, मुलगाच. सुरुवात वाईट नव्हती. पहिल्याच मोसमात त्यांनी ओहायो स्टेटला ५५-२४ असं धुतलं होतं. पुढे मात्र उतरती कळा लागली. २०२२ साली दर सामन्यामागे यार्ड किती मिळवले याच्या यादीत १३१ संघांत आयोवा १३० वा होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रायनच्या करारात अटी घातल्या गेल्या, ३० ऑक्टोबर २०२३ ला मोसमानंतर तो राहणार नाही असं जाहीर झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या जागी टिम लेस्टर आले.

बापाच्या हाताखाली मुलगा? याला नियमबियम काही नाहीत?

आहेत की. सरकारी विद्यापीठ आहे, आपल्या नातलगाचा वरिष्ठ तुम्हाला होता येत नाही. मग पळवाट काढली गेली: कागदोपत्री ब्रायनचे साहेब वडील नाहीत, तर ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठातल्या सगळ्या खेळांचे प्रमुख, गॅरी बार्टा. कामाचं मूल्यमापन बार्टांनी करायचं, पगार बार्टांनी ठरवायचा.

माझ्या मते पाणी मुरलं ते इथेच. एरवी हेड कोच हा कोऑर्डिनेटरचा पहिला आणि सगळ्यात कडक परीक्षक असतो. रोज मैदानावर त्याच्यासोबत असतो, आणि काम जमत नसेल तर मोसम संपल्यावर दोन शब्द बोलून मोकळं करतो. आयोवात हे काम ज्याच्याकडे सोपवलं तो माणूस रोजच्या सरावात नसतोच, आणि जो असतो त्याला कागदोपत्री अधिकार नाही. अधिकार असता तरी स्वतःच्या मुलाला काढणं कोणत्या बापाला जमलं असतं? यात कर्क फेरेन्ट्झ वाईट माणूस ठरतात असं नाही. पण त्या खुर्चीत मुलाला बसवलं, त्याच दिवशी ती खुर्ची तपासायची सोय गेली.

इतकं वाईट म्हणजे किती वाईट?

२०२२ चा पहिला सामना घ्या. समोर साउथ डकोटा स्टेट, एक पायरी खालच्या विभागातला संघ. आयोवाने सामना ७-३ असा जिंकला. सात गुण म्हटल्यावर जाणकार माणूस गृहीत धरतो की एक टचडाउन (चेंडू समोरच्याच्या गोलच्या पट्ट्यात नेल्याचे सहा) आणि वरची एक किक (त्याचा एक). इथे तसं नव्हतं. एक फील्ड गोल (चेंडू लाथेने गोलच्या खांबांमधून मारायचा), त्याचे तीन. आणि दोन सेफ्टी, म्हणजे समोरच्याला त्याच्याच गोलच्या पट्ट्यात पाडल्याचे दोन-दोन, जे बचाव फळीच्या खात्यातले. ऑफेन्सची दिवसभराची कमाई तीन गुण.

आता ‘मुलंच तेवढी चांगली नव्हती’ हा बचाव तपासू. त्याच संघात सॅम लापोर्टा नावाचा टाइट एंड (समोरच्याला अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) होता. २०२२ मध्ये त्याने संघात सगळ्यात जास्त पास झेलले, पण टचडाउन अख्ख्या मोसमात एक. पुढच्याच वर्षी डेट्रॉइट लायन्सकडून व्यावसायिक खेळात पदार्पण करताना त्याने १० टचडाउन आणि ८६ झेल घेतले. नवख्या टाइट एंडने इतके झेल आधी कधीच घेतले नव्हते. दुसरं उदाहरण चार्ली जोन्सचं. २०२१ मध्ये आयोवात त्याच्या वाट्याला २१ झेल आले. तो पर्ड्यूला गेला आणि २०२२ मध्ये ११० झेल, १२ टचडाउन. पर्ड्यू पास जास्त फेकतं, हे मान्य. पण एकवीसचे एकशे दहा? माणूस तोच, हात तेच.

मग हा संघ जिंकत कसा होता? २०२३ मध्ये तर १० सामने जिंकले!

बचाव आणि पंट, या दोन गोष्टींवर. फिल पार्कर हे आयोवाचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. २०२३ मध्ये देशातला सर्वोत्तम सहायक कोच म्हणून ब्रॉयल्स पुरस्कार त्यांना मिळाला, आणि तो हक्काचा होता. त्या मोसमात आयोवाने १४ सामन्यांत मिळून केले २१६ गुण आणि दिले २०७. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. नऊ गुणांच्या फरकावर दहा विजय! क्रिकेटच्या भाषेत, दर सामन्यात १२० धावांत गुंडाळलं जायचं आणि तरी बॉलरांनी मॅच काढून द्यायची.

पंटर टोरी टेलर, मेलबर्नचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड झाले नाहीत की चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्याला मागे ढकलणं हे त्याचं काम. २०२३ मध्ये त्याने ९३ पंटमध्ये ४,४७९ यार्ड चेंडू उडवला. एका मोसमातल्या पंटच्या यार्डांचा १९३८ पासूनचा राष्ट्रीय विक्रम त्याने मोडला. त्याच मोसमात अख्ख्या ऑफेन्सने धावून आणि पास फेकून मिळून मिळवले सुमारे ३,२८० यार्ड. म्हणजे एकटा लाथ मारणारा पोरगा बाकीच्या सगळ्यांपेक्षा हजारावर यार्ड पुढे. आयोवा सिटीत लोक ‘पंटिंग इज विनिंग’ लिहिलेले टी-शर्ट घालून फिरत होते. अर्धी थट्टा, अर्धा अभिमान.

ती २५ गुणांची अट काय होती?

२०२३ च्या मोसमासाठी ब्रायनचा पगार ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाखांवर आणला गेला. आणि करारात लिहिलं की संघाने किमान सात सामने जिंकावेत आणि सरासरी २५ गुण करावेत. जमलं तर बोनस, पगारवाढ आणि करार पुढे चालू. नाही जमलं तर ३० जून २०२४ ला करार संपला.

ऐकायला चोख वाटतं, पण अट चुकीचीच होती. एक तर बचाव फळीने किंवा पंट परतवताना केलेले गुणही त्यात धरायचे होते. म्हणजे ऑफेन्सचं मूल्यमापन दुसऱ्यांच्या कमाईवर. दुसरं, २५ ही काही फार मोठी मागणी नव्हती. मधल्या फळीतले संघ तेवढे गुण सहज करतात, त्यामुळे देशभर हसू झालं. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. सामना हातात असताना हेड कोचने बापाच्या नात्याने आणखी एक टचडाउन मारायला लावायचं की नेहमीसारखा वेळ संपवायचा? असा प्रश्न कुणाही कोचपुढे टाकू नये. कर्क यांनी त्यापायी खेळाची पद्धत बदलली असं काही दिसलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

मोसमाआधी धरलेल्या तेरा सामन्यांचे ३२५ गुण होतात. मग काय, दर आठवड्याला टीव्हीवाले पाटी लावायचे, ३२५ पैकी किती झाले.

निर्णय नेमका कशामुळे झाला? मिनेसोटाच्या सामन्यामुळे?

विद्यापीठाने एका सामन्याचं नाव घेतलं नाही. पण २१ ऑक्टोबर २०२३ चा तो सामना ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं कारण लागणार नाही.

आपल्याच मैदानात, किनिक स्टेडियमवर, दोन गुणांनी मागे. शेवटचं दीड मिनिट. मिनेसोटाने पंट केला, चेंडू टप्पे घेत साइडलाइनकडे चालला होता. आयोवाच्या कूपर डिजीनने तो उचलला आणि सगळ्यांना चकवत ५४ यार्ड पळत टचडाउन मारला. स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. मग रेफरींनी व्हिडिओ पाहिला आणि सांगितलं की चेंडू उचलण्याआधी डिजीनने डावा हात हलवला, तो ‘मी पळणार नाही’ असा इशारा धरला जातो, सबब टचडाउन रद्द. त्या निर्णयावर आजही भांडणं होतात.

पण पुढचं बघा. टचडाउन गेला तरी चेंडू आयोवाकडेच होता, मैदानाच्या मध्याजवळ, आणि जिंकायला एक फील्ड गोल पुरे होता. वीसेक यार्ड सरकले असते तरी किकरला संधी होती. पास फेकला, तो मिनेसोटाने झेलला, १२-१० ने हार. दुसऱ्या अर्ध्यात आयोवाच्या ऑफेन्सने एकूण मिळवले होते १२ यार्ड. रेफरीला शिव्या घालायला सगळे मोकळे, पण बारा यार्ड रेफरीने नव्हते काढले.

नऊ दिवसांनी घोषणा झाली. तोवर आठ सामन्यांत १५६ गुण, सरासरी साडेएकोणीस.

मोसम चालू असताना असं जाहीर करणं बरोबर होतं का?

यावर माझं मत लोकांपेक्षा वेगळं आहे. संघ तेव्हा ६-२ होता, आपल्या गटात पुढे होता. गॅरी बार्टा त्या ऑगस्टमध्ये निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी बेथ गेट्झ अंतरिम डायरेक्टर म्हणून बसल्या होत्या. अंतरिम असताना, राज्यातल्या सगळ्यात वजनदार कोचच्या मुलाबद्दल असा निर्णय घेणं सोपं नव्हतं. बार्टांनी वर्षभर आधी करायचं काम त्यांनी केलं. पुढे जानेवारीत त्यांना पद कायम मिळालं.

वेळ मात्र विचित्र. उरलेले सामने ब्रायनच चालवणार होता, म्हणजे काढलेल्या माणसाच्या हातात दोन महिने गाडी. गंमत अशी की घोषणेनंतरचे चारही साखळी सामने आयोवाने जिंकले: १०-७, २२-०, १५-१३, १३-१०. मग बिग टेनच्या (आयोवा ज्या संघसमूहात, म्हणजे कॉन्फरन्समध्ये, खेळतं त्याच्या) अंतिम सामन्यात मिशिगनकडून २६-० आणि सिट्रस बोल या मोसमाअखेरच्या सामन्यात टेनेसीकडून ३५-० अशी हार. शेवटच्या दोन सामन्यांत एक गुणही नाही. आता यातून घोषणा चुकली हे सिद्ध होतं की बरोबर ठरली, ते तुम्हीच ठरवा. दोन्ही बाजूंचे लोक हेच आकडे एकमेकांच्या तोंडावर मारतात.

पण दुखापती किती झाल्या! ते कुणी बोलत नाही.

बोलायला हवं. मिशिगनहून आणलेला क्वार्टरबॅक केड मॅक्नमारा पाचव्या सामन्यात गुडघा दुखावून मोसमाबाहेर गेला. ल्यूक लेकी आणि एरिक ऑल, दोघेही टाइट एंड, तेही गेले. राखीव क्वार्टरबॅक डिकन हिलवर अचानक सगळा भार पडला. नुसतं २०२३ पाहिलं तर ब्रायनला संशयाचा फायदा द्यावाच लागतो.

पण २०२२ चं काय? तेव्हा क्वार्टरबॅक वेगळा होता, निकाल तेच. त्याच वर्षी केन ओकीफ बाजूला झाल्यावर क्वार्टरबॅकना शिकवण्याचं कामही ब्रायनकडेच दिलं गेलं होतं. ब्रायन स्वतः सेंटर खेळलेला, आयोवात आधी ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी, सेंटर तिच्या मधोमध) शिकवलेला माणूस. लाइन शिकवण्यात त्याचा हात धरणारे कमी, असं त्याचे टीकाकारही म्हणतात. त्याला नको ते काम दिलं, यात त्याचाही बळी गेलाच.

खरा दोषी हेड कोचच ना? मग कोऑर्डिनेटर बदलून काय उपयोग, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

अर्धं पटतं. कर्क यांची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे: चेंडू सांभाळा, चूक करू नका, पंट करा, समोरच्याला चुकू द्या. ब्रायनच्या आधी ओकीफ आणि ग्रेग डेव्हिस यांनीही याच चौकटीत काम केलं. त्या चौकटीत कुणीही आला तरी ४० गुणांचा पाऊस पडणार नाही.

पण चौकट तीच असून १५ गुण आणि २५ गुण यांत फरक पडतो, तो कोऑर्डिनेटरच्या कामाचा. चौकट बापाची होती, घोडं पेंड खात होतं मुलाच्या कामात.

नवीन माणूस आल्यावर सुधारणा झाली का?

गुणांत, हो. टिम लेस्टर हे वेस्टर्न मिशिगनचे माजी हेड कोच. त्यांच्या पहिल्या मोसमात, २०२४ ला, १३ सामन्यांत ३६० गुण झाले, सरासरी २७.७. म्हणजे ब्रायनला घातलेली अट लेस्टरनी पहिल्याच वर्षी, अट नसताना, पार केली. केलेब जॉन्सन १,५३७ यार्ड धावला, २१ टचडाउन धावून केले. चाल सुरू होण्याआधी खेळाडू हलवायचे, बचावाला गोंधळात टाकायचं आणि मग जॉन्सनच्या हातात चेंडू द्यायचा. डोळ्यांना फरक दिसत होता.

पासिंगची रड मात्र कायम राहिली. आणि विजय? २०२३ मध्ये १०-४, २०२४ मध्ये ८-५. सामन्यामागे बारा गुण वाढले आणि विजय दोन कमी झाले! याला कारणं आहेत: बिग टेनमध्ये ओरेगन, वॉशिंग्टन वगैरे आले, गट मोडले, आणि बचाव फळी आदल्या वर्षीइतकी अभेद्य नव्हती. तरी ‘कोऑर्डिनेटर बदला, सगळं ठीक होईल’ म्हणणाऱ्यांनी हे दोन निकाल भिंतीवर लिहून ठेवावेत.

इतर ठिकाणी बदलून फायदा झालाय का?

क्लेम्सनने २०२२ चा मोसम ११-३ असा संपवून ब्रँडन स्ट्रीटरला काढलं आणि टीसीयूहून गॅरेट रायलीला आणलं, त्याच वर्षी ब्रॉयल्स पुरस्कार मिळवलेला माणूस. पुढचं वर्ष ९-४. त्यानंतरच्या वर्षी कॉन्फरन्सचं विजेतेपद. म्हणजे एक वर्ष धीर धरावा लागला.

एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) २०१९ मध्ये वेगळं केलं. स्टीव्ह एन्समिंगरला ठेवलं आणि त्याच्या जोडीला न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून तरुण जो ब्रेडीला पासिंगसाठी आणलं. क्वार्टरबॅक जो बरो तोच. आदल्या वर्षी ३२ च्या आसपास असलेली सरासरी ४८ वर गेली, १५-० आणि राष्ट्रीय विजेतेपद. जुन्या माणसाचा मान राखूनही कमतरता भरता येते. आयोवाने २०२२ मध्ये हे केलं असतं, क्वार्टरबॅकसाठी बाहेरचा माणूस आणला असता, तर ब्रायन कदाचित आजही तिथे असता.

मग आमच्या कॉलेजात बदलावा की नाही, कसं ओळखायचं?

एका मोसमावरून ठरवू नका. क्वार्टरबॅक बदलूनही रडगाणं तेच आहे का, ते पाहा. तुमच्याकडून गेलेली मुलं दुसरीकडे एकदम फुलतात का, ते पाहा. लापोर्टा आणि जोन्स यांच्यासारखी दोन उदाहरणं सापडली तर माझ्या लेखी चर्चा संपली. तिसऱ्या प्रयत्नात गरज आठ यार्डांची असताना तीन यार्डांचे पास दिसत असतील तर तो आराखड्याचा दोष असतो, मुलांचा नसतो. आणि सगळ्यात आधी विचारा की याला जाब विचारणारा कोण आहे.

एकूण गुणांकडे कमी बघा, दर वेळी चेंडू हातात आल्यावर काय होतं त्याकडे जास्त. आयोवासारखा संथ खेळणारा संघ चेंडू कमी वेळा हातात घेतो, त्यामुळे गुण थोडे कमीच दिसणार.

कोऑर्डिनेटर गेला की खेळाडूही जातात म्हणे?

जातात. ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आल्यापासून मुलं कोचमागे किंवा कोचमुळे सहज कॉलेज बदलतात. म्हणून बदल करायचाच तर तो लवकर जाहीर झालेला बरा.

आयोवात तेव्हा केटलिन क्लार्कचा काय विनोद चालायचा?

त्याच २०२३-२४ च्या मोसमात, त्याच विद्यापीठात, बास्केटबॉलच्या केटलिन क्लार्कची सरासरी होती सामन्यामागे ३१.६ गुण. एकटीची. फुटबॉल संघाची अख्ख्याची १५.४. खेळ वेगळे, तुलना अन्यायाची, पण विनोदाला कोण अडवणार?

हेड कोचलाच का नाही बदलत?

करार २०२९ पर्यंत आहे, आणि मध्येच काढायचं तर भरपाई द्यावी लागते. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये वुडी हेज यांचे २०५ विजय मागे टाकून कर्क फेरेन्ट्झ बिग टेनमध्ये सर्वाधिक सामने जिंकलेले कोच झाले. त्यांना कोण काढणार? वयाच्या सत्तरीत आहेत, जातील तेव्हा आपल्या मर्जीने जातील. तोवर शनिवारी पंट बघायची तयारी ठेवा.